शस्त्रक्रियेची भाषा



वसंत ऋतूत व्याख्याने करविण्याची चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर बहुधा साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि समाजकारण यांचीच चर्चा होत आली आहे. चीर, टाके, पू आणि रक्त हा काही वसंतातील संध्याकाळी चघळावयाचा विषय नव्हे, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय सुचविला तो प्रामुख्याने विद्यार्थ्यांसाठी. लाखांदूर तालुक्यातील मुले-मुली आता परिचर्येच्या, औषधनिर्माणशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या शिक्षणासाठी बाहेर पडू लागली आहेत. मराठी शाळेतून गेलेल्या या मुलांची पहिली गाठ पडते ती शल्यशास्त्राच्या अगडबंब शब्दांशी, आणि पुष्कळांची उमेद तेथेच खचते. त्यांना चार शब्द सांगावेत, अशी चालकांची इच्छा.

परंतु विषयाचा विचार करता आम्हांला वाटले की, हे शब्द जितके विद्यार्थ्यांचे आहेत तितकेच ते आपणा सर्वांचे आहेत. वैनगंगा आणि चुलबंद यांच्या खोऱ्यातील या धानाच्या मुलखात असे घर विरळाच, की ज्यातील कोणी ना कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलेले नाही. कोणाचे बाळंतपण पोट चिरून झाले, कोणाच्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला, कोणाचे अपेंडिक्स, कोणाची अंडवृद्धी. या प्रत्येक वेळी आत रोगी होता आणि बाहेर बाकावर आपण होतो, आणि कोणीतरी एक कागद पुढे करून सही मागितली होती. त्या कागदावर काय लिहिले होते, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येते : "सही करा म्हणाले, केली." आजचे आमचे व्याख्यान या एका उत्तरावर आहे.

प्रथम शब्द पाहू. 'शल्य' म्हणजे बाणाचे टोक, काटा, शरीरात रुतून बसलेली वस्तू. ती उपसून काढण्याची विद्या ते शल्यतंत्र. 'मनातले शल्य' असे आपण आजही म्हणतो, तेव्हा नकळत वैद्यकाचाच शब्द वापरतो. इंग्रजीतील 'सर्जरी' हा शब्द मूळ ग्रीक. त्याच्या पोटात दोन शब्द आहेत, हात आणि काम. सर्जरी म्हणजे हाताचे काम. सुतार, कुंभार, शिंपी यांच्या कामाच्या पंक्तीला बसणारे हे नाव आहे, आणि शल्यवैद्याने त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

सुश्रुतसंहितेत या हातकामाचे आठ प्रकार सांगितले आहेत : छेदन म्हणजे कापून वेगळे करणे, भेदन म्हणजे चिरून उघडणे, लेखन म्हणजे खरवडणे, वेधन म्हणजे टोचणे, एषण म्हणजे सळईने शोध घेणे, आहरण म्हणजे ओढून काढणे, विस्रावण म्हणजे साचलेले वाहू देणे आणि सीवन म्हणजे शिवणे. विद्यार्थ्याने माणसावर शस्त्र धरण्यापूर्वी हात कसा बसवावा, हेही तेथे सांगितले आहे. कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांच्यावर छेदन शिकावे, केसाळ कातड्यावर लेखन शिकावे, किडीने पोखरलेल्या लाकडात एषण आणि जाड कापडाच्या कडांवर सीवन शिकावे. बाजारात मिळणाऱ्या वस्तूंवर शिक्षण देण्याची ही पद्धत किती व्यवहारी आहे पाहा. आणि नावे किती सोपी! या आठ नावांत आजच्या शस्त्रक्रियागृहातील बहुतेक सगळे काम बसते. खांडूक चिरले ते भेदन, त्यातील पू वाहू दिला ते विस्रावण, ज्याला बायाबापड्याही 'क्युरेटिंग' म्हणतात ते लेखन, दात उपटला ते आहरण.

मग ही नावे गेली कोठे? येथे पुण्याची एक हकीगत सांगणे भाग आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मनुष्य टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचे नाक बनवावयाचे, ते सपाट करून कपाळावर ठेवावयाचे, त्याच्या कडेने रेघ ओढावयाची, तेवढे कातडे उचलून खाली वळवावयाचे आणि दोन भुवयांमध्ये त्याचा एक देठ तसाच जोडलेला ठेवावयाचा. त्या देठातून रक्त येत राहते, म्हणून कातडे जगते. नवे नाक धरले की, सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापावयाचा. दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात छापून आले. ते वाचून कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तसे नाक करून पाहिले, आणि १८१८ साली जर्मनीत ग्रेफे याने या विद्येला ग्रीक शब्दांचे नाव दिले. आज जगभर तिला 'ऱ्हायनोप्लास्टी' म्हणतात : 'ऱ्हायनो' म्हणजे नाक आणि 'प्लास्टी' म्हणजे घडविणे.

या हकिगतीत बैल हाकणाऱ्याचे नाव उरले, लंडनच्या वैद्याचे उरले, जर्मनीच्या पंडिताचे उरले. ज्याने नाक केले त्याचे नाव मात्र त्या वृत्तान्तात नाही. त्याच्याजवळ हात होता आणि युक्ती होती, पण ती शब्दांत मांडून चारचौघांत ठेवणारा कागद नव्हता. विद्या शब्दांत उतरली नाही तर ती घराबाहेर पडत नाही आणि घराबरोबर संपते. शब्दांचे महत्त्व ते एवढे.

आता आज रूढ असलेल्या ग्रीक-लॅटिन शब्दांकडे वळू. विद्यार्थ्यांनो, हे शब्द आगगाडीच्या डब्यांसारखे असतात. पुढचा डबा अवयवाचा आणि मागचा कृतीचा. डबे सोडविता आले की, गाडी कितीही लांब असो, भीती राहत नाही. अवयवांचे डबे असे : 'गॅस्ट्रो' जठर, 'कोलो' मोठे आतडे, 'नेफ्रो' मूत्रपिंड, 'सिस्टो' पिशवी, 'हिस्टेरो' गर्भाशय, 'ऊफोरो' अंडाशय, 'आर्थ्रो' सांधा, 'लॅपरो' कुशी किंवा पोट. कृतीचे डबे असे : 'टॉमी' म्हणजे चिरणे, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढून टाकणे, 'ऑस्टॉमी' म्हणजे बाहेर तोंड करून देणे, 'ऱ्हॅफी' म्हणजे शिवणे, 'प्लास्टी' म्हणजे घडविणे, 'स्कोपी' म्हणजे नळी घालून पाहणे, 'सेंटेसिस' म्हणजे टोचून पाणी काढणे. आणि रोगाच्या नावामागे लागणारे 'आयटिस' म्हणजे दाह. आता 'कोलेसिस्टेक्टॉमी' हा भयंकर शब्द सोडवा. 'कोले' पित्त, 'सिस्ट' पिशवी, 'एक्टॉमी' काढून टाकणे. पित्ताची पिशवी काढणे, एवढाच त्याचा अर्थ. आणि ताडून पाहाल तर 'टॉमी' म्हणजे सुश्रुताचे भेदन, 'एक्टॉमी' म्हणजे छेदन, 'सेंटेसिस' म्हणजे वेधन, 'ऱ्हॅफी' म्हणजे सीवन. माल जुनाच आहे, पोते तेवढे नवे.

टॉमी, एक्टॉमी आणि ऑस्टॉमी यांत एक-दोन अक्षरांचाच फरक आहे, पण माणसाच्या आयुष्यात तो केवढा! 'कोलोटॉमी' म्हणजे आतडे चिरून पुन्हा शिवले. 'कोलेक्टॉमी' म्हणजे आतड्याचा भाग काढला. 'कोलोस्टॉमी' म्हणजे आतड्याचे तोंड पोटावर आणून ठेवले, आणि मळ आता तेथून पिशवीत पडणार. रोगी शुद्धीवर येऊन पोटावर ती पिशवी पाहतो आणि अगोदर कोणी सांगितले नसेल तर भिंतीकडे तोंड करून पडतो. पुष्कळदा ही सोय काही महिन्यांपुरतीच असते आणि पुढे आतडे पुन्हा जोडता येते. हे एक वाक्य आदल्या दिवशी सांगितले असते तर त्याचे निम्मे दुःख वाचले असते.

या अक्षरांच्या फरकावर आपल्या सर्वोच्च न्यायालयात निकाल झालेला आहे. एका स्त्रीने दुर्बिणीने पोट तपासण्याला, म्हणजे लॅपरोस्कोपीला, संमती दिली होती. गरज पडल्यास पोट उघडावे लागेल, असेही कागदावर होते. ती भुलीत असताना तिच्या आईची सही घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशये काढण्यात आली. २००८ च्या जानेवारीत न्यायालयाने निर्णय दिला : तपासण्याची संमती ही काढून टाकण्याची संमती नव्हे, आणि जिवाला तत्काळ धोका नसताना, सज्ञान व समर्थ रोग्याच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही. 'स्कोपी' म्हणजे पाहणे, 'एक्टॉमी' म्हणजे काढणे. वर्गात मुले परीक्षेपुरते पाठ करतात तो हा भेद. त्यावर एका बाईचे सगळे आयुष्य फिरले.

आपल्या मराठीतही असा एक घोटाळ्याचा शब्द आहे. तो म्हणजे 'पिशवी'. गर्भाशय ही पिशवी, पित्ताशय ही पिशवी, अंडवृद्धीतील पाण्याचे आवरण हीही पिशवी. 'माझी पिशवी काढली' असे बाई सांगते, तेव्हा गर्भाशयाबरोबर अंडाशये काढली की ठेवली, हे तिला ठाऊक नसते, तिच्या नवऱ्याला नसते आणि कागद हरवला असेल तर पुढच्या डॉक्टरलाही नसते. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते, परंतु अंडाशये आपले काम चालू ठेवतात. ऐन उमेदीच्या वयात अंडाशये काढली तर शरीराला लागणारा स्त्रीरस एकाएकी आटतो, अंगातून वाफा येतात आणि हाडे वेळेआधी ठिसूळ होऊ लागतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ साली राज्य शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. गर्भाशय काढणे कधी कधी प्राण वाचविणारे असते, हे आम्ही शल्यशास्त्राच्या बाजूने आवर्जून सांगतो. पण 'पिशवी खराब झाली' हे रोगाचे नाव नव्हे. गाठ आहे का, रक्तस्राव कशाने होतो, कर्करोगाची शंका आहे का, औषधाने भागेल का, हे विचारल्यावाचून त्या वाक्यावर सही करू नये.

आता आपल्या जिल्ह्यापुरते बोलू. भंडारा जिल्ह्यात हत्तीरोग पुरातन आहे. डासाच्या चाव्यातून जंत शिरतात, रसवाहिन्यांत राहतात आणि पुरुषांमध्ये वृषणाभोवती पाणी साचते. ती अंडवृद्धी, इंग्रजीत 'हायड्रोसील'. 'हायड्रो' पाणी, 'सील' गाठ. सुईने पाणी काढले तर बरे वाटते, परंतु आवरण तसेच राहिल्याने पाणी बहुधा पुन्हा भरते. आवरण काढणे किंवा उलटे करून शिवणे, हा खरा उपाय, आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते. लाजेपायी वर्षानुवर्षे धोतराआड ते ओझे वाहणारे गडी या भागात आहेत. त्यांना हे सांगितले पाहिजे. पण त्याच जागी दिसणारी प्रत्येक सूज अंडवृद्धी नसते. खोकल्याबरोबर फुगणारी आणि निजल्यावर आत जाणारी सूज बहुधा अंतर्गळ, म्हणजे हर्निया असते. ती एकाएकी आत जाईनाशी झाली, दुखू लागली आणि ओकाऱ्या सुरू झाल्या तर आतड्याला फास बसला असे समजावे. तेव्हा रोवणीचे दिवस असोत की घरात लग्न असो, थांबू नये. काही तासांत आतडे मरते.

दुसरी गोष्ट सिकल सेलची. 'सिकल' म्हणजे विळा. विदर्भात अनेक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या या आजारात प्राणवायू कमी पडला की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, तहान आणि गुदमर ही त्यांची निमित्ते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी या तिन्हींचा संभव असतो. आधी ठाऊक असेल तर भूल देणारा डॉक्टर रोग्याला ऊब, पाणी आणि प्राणवायू यांची सोय करतो. म्हणून घरात कोणाला सिकल सेल असेल, किंवा कोणी वाहक असेल, तर ते कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. सोयरिकीच्या भीतीने लपवून ठेवलेली गोष्ट टेबलावर जिवाशी येते.

तिसरी गोष्ट उपवासाची. "सकाळपासून काही खाऊ नका" हा हुकूम मायेच्या माणसांना कठोर वाटतो आणि मग आजी हळूच चहा-बिस्कीट भरविते. भुलीत माणसाचा गिळण्याचा आणि खोकण्याचा पहारा सुटतो. जठरातले अन्न वर येऊन फुप्फुसात उतरले तर प्राणावर बेतते. दुधाचा चहा हेही अन्नच. साधे पाणी केव्हापर्यंत चालेल, ते भूलतज्ज्ञाला विचारावे.

अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ, याचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातील कैदी महात्मा गांधी यांना हा दाह झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. पण आम्हांला त्या दिव्यांपेक्षा त्याआधीची घटका अधिक महत्त्वाची वाटते. श्रीनिवास शास्त्री यांच्यासमक्ष एक निवेदन तयार झाले. डॉक्टरांवर आपला विश्वास आहे आणि शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, असे त्यात लिहिले होते, आणि वेदनेने थरथरणाऱ्या हाताने गांधीजींनी त्यावर स्वतः सही केली. सरकार परके, डॉक्टर सरकारचा आणि रोगी सरकारचा कैदी. तरीही रोग्याने स्वतः संमती दिल्यावाचून शस्त्र उचलले गेले नाही. कैद्याला जे मिळाले ते स्वतंत्र देशाच्या नागरिकाला मिळू नये काय?

शस्त्रक्रियागृहाच्या आतही बोललेल्या शब्दाला किती किंमत आहे, हे अलीकडे सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली एक साधी यादी काढली. भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रोग्याला बाहेर नेण्यापूर्वी, असे तीनदा थांबावयाचे. रोगी कोण, कोणती शस्त्रक्रिया, कोणती बाजू, हे मोठ्याने बोलावयाचे. शेवटी सुया आणि कापडाच्या घड्या मोजून आकडा जाहीर करावयाचा. जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत हे करून पाहिले. त्यांत नवी दिल्लीही होती. शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. घड्या मोजणारी परिचारिका जेव्हा "एक कमी आहे" असे म्हणते, तेव्हा त्या दालनात तिच्याहून मोठा अधिकारी कोणी नसतो. परिचर्या शिकणाऱ्या मुलींनी हे पदराला गाठ मारून ठेवावे.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच. ग्रीक शब्द चोख शिका. नागपूरच्या कागदावरचा शब्द कोचीनच्या डॉक्टरला कळला पाहिजे, आणि त्यासाठी जगाची एक बोली लागते. परंतु प्रत्येक शब्द शिकताना वहीत त्याच्यापुढे एक मराठी वाक्य लिहा, जे तुमच्या आजीला समजेल. 'अ‍ॅक्यूट' म्हणजे अचानक उठलेले, 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ मुरलेले. फार वाईट असा त्याचा अर्थ नाही. 'बिनाइन' म्हणजे साधी गाठ, 'मॅलिग्नंट' म्हणजे कर्करोगाची. 'बायॉप्सी' म्हणजे तुकडा काढून पाहणे, आणि लोखंड लागल्याने कर्करोग पसरतो ही समजूत खोटी. 'निगेटिव्ह' अहवाल आला म्हणून घरच्यांनी गळा काढावा आणि ती मात्र आनंदाची वार्ता असावी, असे होता कामा नये. चीर, टाका, भूल, पू, खपली, मुतखडा, मूळव्याध हे आपलेच शब्द आहेत. ते वापरण्यात अडाणीपणा नाही. आजीला समजावता येत नसेल तर शब्द तुम्हांलाही नीट समजलेला नाही, असे खुशाल धरून चाला.

आणि नागरिकहो, कागद पुढे आला की पाच प्रश्न विचारा. रोगाचे नाव काय? नेमके काय करणार : चिरणार, काढणार, शिवणार की नुसते पाहणार? भूल कोणती? धोका कोणता? आणि केले नाही तर काय होईल, दुसरा मार्ग आहे काय? उत्तर मराठीत मागा. घाईच्या प्रसंगी, रक्त वाहत असताना, डॉक्टरला अडवून धरू नका. तेथे क्षण मोलाचा असतो. पण ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेत पाच मिनिटे मागणे हा डॉक्टरवरचा अविश्वास नव्हे. प्रश्न विचारणारा रोगी सांगितलेले पथ्यही पाळतो, हा आमचा अनुभव आहे. घरी परतताना काय काढले, काय ठेवले, हे लिहिलेला कागद मागून घ्या आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवा. जमिनीचा एक गुंठा इकडचा तिकडे झाला तर आपण तलाठ्याकडे दहा खेपा घालतो. आपल्या देहातून काय गेले, याची नोंद आपल्याजवळ नसावी, हे शोभत नाही.

 विद्यार्थ्यांच्या शंका असतील तर त्यांनी निःसंकोच विचाराव्यात.